पाद्रीबंगल्याची पोकळ भिंत

औरंगाबादच्या छावणीतला पाद्रीबंगला मोडायचा सौदा माझा झाला होता. त्यात मला याकोब मास्तरांनी फसवलं. याकोब मास्तरांना पुढं सरकारच्या जुन्या इमारती राखणाऱ्या खात्यानं फसवलं. आणि या दोन फसवणुकींत सोयगावची शाळा बिनछपराची राहिली.

हे आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाइकाला भाव आधी सांगायचा आणि वाद नंतर घालायचा, ही माझी धंद्यातली रीत आहे. लिहितानाही तीच ठेवतो.

आमच्या धंद्याला धड नाव नाही. लोक मोडीवाले म्हणत. भंगारवाला वेगळा, तो तुटलेलं घेतो. आम्ही उभं घर घेत होतो. जागा मालकाची, वरचं घर आमचं. ते उतरवायचं, जागा मोकळी करून द्यायची आणि निघालेला माल वखारीत आणून विकायचा. मी सुरुवात केली ती दुसऱ्याच्या वखारीत, जुन्या विटांना चिकटलेला चुना खरवडण्यापासून. पुढं शहागंजामागं माझी स्वतःची वखार झाली. कोणी हात धरून उभं केलं नाही, आणि कोणी हात धरू म्हटलं असतं तर मी आधी त्याची बोटं मोजून घेतली असती.

घर पाडणं म्हणजे पहार घालणं, असं लोकांना वाटतं. घर उलट्या क्रमानं बांधावं लागतं. शेवटी जे चढलं ते आधी उतरवायचं. कौलं, रिपा, वासे, मग दारं चौकटीसकट, मग तुळया, आणि सगळ्यात शेवटी जोत्याचा दगड. कुठली भिंत स्वतःच्या पायावर उभी आहे आणि कुठली शेजारणीच्या खांद्यावर टेकली आहे, हे कळलं नाही तर माणूस ढिगाऱ्याखाली जातो. एकदा मी घाईनं मधलीच तुळई सोडवायला लावली. भिंत हलली. माझ्या भागीदारानं, रहीमचाचानं, मला मानेला धरून मागं ओढलं आणि भिंत पडल्यावर धुळीतच शिव्या घातल्या. रहीमचाचा पिढीजात सुतार. लाकडाला बोटाच्या पेरानं टकटक करून ते आतून कसं आहे हे सांगायचा. बोलायचा कमी आणि जे बोलायचा ते लागेल असं.

गिऱ्हाइकं तर एकेक. चिकलठाण्याचा एक शेतकरी माझ्याकडून सागवानी जिना घेऊन गेला. नक्षीचे कठडे, गुळगुळीत पायऱ्या. बैलगाडीत घालताना मी विचारलं, “माडी किती उंच आहे?”

“माडी नाय अजून.”

“मग जिना कशाला?”

“जिना असला म्हंजी पोरांना लाज वाटंल, बांधतील कवातरी,” तो म्हणाला. तो जिना त्यानं अंगणात भिंतीला टेकवून ठेवला. माडी झाली नाही. त्यावर कोंबड्या बसत. रहीमचाचा पुढं कुठलंही निरुपयोगी बांधकाम दिसलं की त्याला ‘चिकलठाण्याचा जिना’ म्हणायचा.

आता सौद्याबद्दल. घर घेणाऱ्यानं घराला नावं ठेवायची आणि विकणाऱ्यानं वाखाणायचं, हा रिवाज. मी उत्तम सागवानाला मालकाच्या तोंडावर बाभूळ म्हटलेलं आहे. आकडा मात्र तोंडानं बोलायचा नाही. दोघांनी हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरून भाव करायचा. बघणाऱ्यांना काही कळत नाही. शेवटी एकानं दुसऱ्याचा अख्खा पंजा धरून दाबला की सौदा झाला. त्यानंतर माघार नाही. आणि घेणाऱ्यानं घराला पहिला घाव घातला की घर त्याचं. आम्ही त्याला कुदळ लागणं म्हणत होतो. मग घाव हातोडीचा का असेना. निजामाच्या राज्यात आमच्या धंद्याचा कायदा एवढाच होता, आणि तो मोडलेला मी तोवर पाहिला नव्हता.

पाद्रीबंगला खाम नदीच्या पलीकडं, छावणीच्या कडेला होता. त्यात कोण्या मिशनचे पाद्री एकामागून एक राहून गेले. जागा छावणीची, भाड्याची. मुदत संपली आणि जागा मोकळी करून परत द्यायची ठरली, म्हणून शेवटच्या पाद्रीसाहेबांनी मला बोलावलं.

बाहेरून पाहिलं तर साहेबी बंगला. समोर कौलारू पडवी, तिला विटांचे गोल खांब. मध्ये दिवाणखाना, दोन्ही अंगांना खोल्या. खिडक्यांना काचा आणि बाहेरून पट्ट्यांची झडपं. एका खोलीत शेकोटीचा कोनाडा आणि छपरावर तिचं धुराडं. औरंगाबादच्या उन्हात शेकोटी कशाला, ते त्या पाद्र्यालाच ठाऊक. स्वयंपाकघर वेगळं, मागं, म्हणजे फोडणीचा वास प्रार्थनेत येऊ नये. दिवाणखान्याच्या छताखाली पांढरं कापड ताणलेलं. खाली जोतं मात्र पुरुषभर उंच, काळ्या दगडाचं, कडेला गोलाई दिलेलं. ते जोतं बघताच मी मनात भाव वाढवला आणि तोंडानं म्हणालो, “दगड कच्चा आहे.”

पाद्रीसाहेब म्हातारे, गोरे, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. ते म्हणाले, “किसनराव, या घरात माझी बरीच वर्षं गेली. उन्हाळ्यात इथं पंखा लागत नाही.”

“हवा मला विकता येत नाय साहेब. कौलं फुटकी आहेत.”

“कौलं फुटकी आहेत, खरं आहे.”

असा विकणारा मला कधी भेटला नव्हता. मी नावं ठेवायचो आणि ते मान डोलवायचे. रुमाल टाकला तर त्यांनी बाही मागं सारून हात आत घातला. त्यांना रीत माहीत होती. बोटं थंड होती आणि पकड घट्ट. मी जोर लावला तसे म्हणाले, “माझं बोट मोडून भाव उतरणार नाही.” शेवटी त्यांनी पंजा दाबला. त्या आठवड्यातच ते स्टेशनावर गेले, आणि किल्ल्या याकोब मास्तरांकडं ठेवून गेले.

याकोब मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. त्यांचे वडील याच बंगल्यात खानसामा होते आणि मास्तरांचा जन्म मागच्या नोकरांच्या खोल्यांतला. अजूनही ते तिथंच राहत. खाली मान घालून बोलणारा, सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेला माणूस. अशा माणसाला मी सौद्यात कधी घाबरलो नाही. ती चूक.

सोयगावचं आता सांगतो. तिथल्या लोकांनी शाळेच्या भिंती स्वतः उभ्या केल्या होत्या, पण एवढ्या लांबीच्या तुळया कुठं मिळेनात. गावचे पाटील माझ्या वखारीत येऊन बसले. पाद्रीबंगल्याच्या दिवाणखान्याचं छताचं कापड मी तोवर एका कोपऱ्यात उचलून पाहिलं होतं. वर अखंड सागवानाच्या तुळया होत्या, एकाही सांध्याशिवाय. मी पाटलांना शब्द दिला. “पावसाच्या आधी तुळया पोचत्या करतो.”

“नक्की ना?” पाटील म्हणाले. “नायतर आमी दुसरीकडं बघतो.”

“किसन्याचा शब्द हाय,” मी म्हणालो. त्यांनी दुसरीकडं बघितलं नाही.

ताबा घ्यायच्या दिवशी मी आणि रहीमचाचा गेलो. मास्तर पडवीत उभे होते आणि त्यांच्या शेजारी वेताच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. शेरवानी, चष्मा, मांडीवर छत्री. मास्तर म्हणाले, “हैदराबादचे पाहुणे. वेरूळला लेणी बघायला आले होते. बंगला बघायचा म्हणाले, म्हणून आणलं.”

मला वाटलं, उशिरा आलेलं गिऱ्हाईक. बंगला हातचा गेला म्हणून बघायला आलेलं. अशा माणसाला जळवण्यात मला भारी आनंद व्हायचा.

आम्ही आत शिरलो. मास्तर किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन मागं मागं, आणि त्यांच्यामागं ते पाहुणेही.

“शेटजी, राग येणार नसंल तर बोलू?”

“बोला.”

“पाद्रीसाहेब देवमाणूस. पण तुमाला जरा महागात घातलं त्यांनी.”

मी थांबलो. “कोणाला महागात घातलं?”

“आता सौदा झालाय, बोलून काय उपयोग? मी आपलं मनात आलं ते म्हणलं. सगळी छावणी म्हणतीय. मातीमोल बंगला, किसनशेटच्या गळ्यात मारला.”

“कोण म्हणतंय? नाव सांगा.”

“नावं कशाला? ही भिंतच बघा की. वाजवून बघा. पोकळ हाय. उंदरांनी पोखरलीय सगळी.”

पाहुणे मंद हसले. “मामूली बंगला है,” ते म्हणाले. “पुराना भी कोई खास नहीं लगता.”

सौदा व्हायच्या आधी हे कोणी बोललं असतं तर मी त्याच्या गळ्यात हार घातला असता. पण सौदा झाला होता. आता बंगला माझा होता, आणि माझा माल मामूली म्हणणारा हा कोण? शिवाय मी फसलो असं छावणीभर बोललं जातंय. मी बाह्या सारल्या.

रहीमचाचानं माझं तोंड बघितलं. “किसन, कायकू बोलना? चल, दरवाजे गिनेंगे.”

“थांब चाचा. यांना दाखवतो मामूली काय असतं.”

मी छताचं कापड टरकन फाडलं. “ह्या तुळया बघा. एका तुळईला एक झाड. सांधा दाखवा, बंगला तुमचा. साहेबी बंगल्याला असल्या तुळया कोण घालतो? त्याला तिकोनी कैच्या लागतात, कौलं ठेवायला. इथं खाली सपाट चुन्याची गच्ची आहे आणि कौलं तिच्या डोक्यावर नंतर बसवलीत. टोपीवर पागोटं घातल्यासारखी. म्हणून इथं पंखा लागत नाही. दोन छपरं आहेत!”

“अच्छा?” पाहुणे म्हणाले आणि वर बघू लागले.

मग मी त्यांना बाहेर नेलं, पश्चिमेला. तिथं गवतात जोत्याला लागून दगडी पायऱ्या होत्या, रुंद, मधोमध झिजलेल्या. त्या चढून गेलं की समोर सरळ भिंत.

“चिकलठाने का जीना,” रहीमचाचा पुटपुटला.

“नाही चाचा! मास्तर, तुम्ही सांगा. कोणता मिस्त्री भिंतीपुढं पायऱ्या बांधतो? माणसानं चढायचं आणि डोकं आपटायचं? या पायऱ्या झिजल्यात. इथनं माणसं आत जात होती. जोतं एकाचं आहे आणि वरचं घर दुसऱ्याचं. पाद्र्यानं हे घर बांधलेलंच नाही. बारादरी आहे ही. बागेत हवा खात बसायला बांधलेली, चारी बाजूंनी उघडी, बारा दारांची. पाद्र्यानं दारं विटांनी बुजवली, काचा लावल्या, पुढं पडवी जोडली आणि आत शेकोटी पेटवली.”

“असं कसं शेटजी?” मास्तर नम्रपणे म्हणाले. “उंदरांनी पोखरलीय ती भिंत. आमी लहानपणापासनं आवाज ऐकतोय.”

“उंदीर!” मी आत धावलो. पश्चिमेच्या भिंतीला हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेलो. ठक, ठक, ठक, मग धप. धप, धप, मग पुन्हा ठक. “हे ऐका. ठक तिथं जुना दगडी खांब. धप तिथं पातळ विटांची आड, मागं मोकळी जागा सोडून लावलेली, म्हणजे ऊन आत येऊ नये. उंदीर असे मापात पोखरतात होय?”

“किसन, बस कर रे,” रहीमचाचा म्हणाला. त्याला त्या पाहुण्यांची छत्री आवडली नव्हती, असं त्यानं पुढं सांगितलं. गिऱ्हाईक छत्री मांडीवर ठेवत नाही, कोपऱ्यात टेकवतं. छत्री मांडीवर ठेवतो तो सरकारी माणूस, त्याला उठायची घाई नसते. पण हे त्यानं तेव्हा सांगितलं नाही.

मास्तरांनी मान हलवली. “तोंडानं सांगितलं तर मामूलीला बी महाल म्हणता येतं शेटजी.”

मी हातोडी उलटी धरली आणि गिलाव्यावर घातली. जाड पापुद्रा सोलल्यासारखा खाली आला. विटा मी हातानंच ओढल्या, चुना नव्हताच त्यांत, नुसती माती. धूळ बसली तेव्हा आत कमानीची कड दिसली. एकामागून एक पाकळ्या, चुन्याच्या, शंखासारख्या घोटलेल्या. पाकळीच्या टोकाला एक कळी. खांबाच्या माथ्यावर फुलदाणी, तिच्यातून वर चढणारी वेल, आणि एका पानावर लालसर रंग अजून शिल्लक. एवढ्या पिढ्या पाद्र्यांनी या भिंतीला खुर्ची टेकवून धर्मग्रंथ वाचले आणि पाठीमागं ही वेल होती.

खरं सांगतो, मी मोडणारा माणूस, पण माझाही हात थांबला. मग मी मास्तरांकडं वळून म्हणालो, “आता बोला! महागात घातलं का?”

मास्तर माझ्याकडं बघतच नव्हते. ते भिंतीजवळ गेले, त्या पानाच्या अगदी जवळ, पण हात लावला नाही. “बाबा म्हणायचे,” ते पुटपुटले, “आत दारं हायेत म्हणून.”

पाहुणे पुढं आले. चष्मा पुसला, परत घातला. मग शांतपणे, चक्क मराठीत म्हणाले, “आता यापुढं हात लावू नका.”

“तुम्ही कोण सांगणार?”

त्यांनी सांगितलं. निजाम सरकारच्या जुन्या इमारती राखणाऱ्या खात्याचे साहेब होते ते. वेरूळच्या कामावर आलेले. मास्तरांनी त्यांना डाक बंगल्यातून अक्षरशः पाय धरून आणलेलं. त्या आधी मास्तरांनी खात्याकडं अर्ज केला होता, त्याला ‘मामूली बंगला’ असं उत्तर आलं होतं. मास्तरांना भिंत फोडून दाखवता येत नव्हती, कारण घर त्यांचं नव्हतं. भिंत फोडायचा हक्क फक्त ज्यानं घर मोडायला घेतलं त्याला. आणि ती मी फोडली.

“माझी कुदळ लागली आहे,” मी ओरडलो. “घर माझं झालं!”

“आपलीच कुदळ लागली,” साहेब म्हणाले. “मेहरबानी करून ते जोत्याचं आणि छपराचं परत एकदा सांगाल? जरा सावकाश?”

मी हातोडी भिरकावली. ती खिडकीच्या काचेतून बाहेर गेली. साहेबांनी काचेकडं पाहिलं आणि म्हणाले, “तीही आता राखीव आहे.”

दुसऱ्या दिवशी दारात शिपाई बसला. बंगल्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. मिशननं माझा इसार परत केला, मी तो घेतला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती तुळयांची.

मी डाक बंगल्यावर गेलो. साहेबांना म्हणालो, “कमानी तुम्ही ठेवा. वेल ठेवा, धुराडं ठेवा, फुटलेली काच ठेवा. मला फक्त तुळया द्या. त्यांच्या जागी मी लोखंडी घालून देतो, माझ्या खर्चानं. एका गावाच्या शाळेचा प्रश्न आहे.”

त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “किसनराव, तुम्हीच दाखवलं, ते छप्पर त्या घराचं आहे. ते काढलं तर मागं फक्त भिंत उरेल. घर राखायचं तर अख्खं राखावं लागतं.”

“आणि राखाल?”

“राखू.”

“नुसतं कुलूप लावून बसणार नाही? त्या गच्चीला दरवर्षी डागडुजी लागते. कौलं शाकारावी लागतात. वाळवीवर नजर लागते. तुळईत पाणी मुरलं की संपलं.”

“सरकार राखेल.”

मी खिशातून रुमाल काढला आणि माझ्या हातावर टाकला. ते गोंधळले. मी म्हणालो, “तुमच्या कागदावर माझा विश्वास नाही. मी दाव्याला जाणार नाही, कुदळीचा हक्क सोडतो. बदल्यात या तुळया सरकार पडू देणार नाही. मान्य असेल तर हात घाला.”

साहेबांनी एकदा शिपायाकडं पाहिलं, त्याला पाठ फिरवायला सांगितलं आणि हात रुमालाखाली घातला. माझा पंजा दाबला. अख्खा.

मी कुठल्या कचेरीत गेलो नाही.

सोयगावला मी स्वतः गेलो. पाटील बिनछपराच्या भिंतींत उभे होते. मी सगळं सांगितलं, कमान, वेल, खातं.

“म्हंजी फुलं वाचली,” पाटील म्हणाले.

“व्हय.”

“आन् तुळया?”

“त्या बी वाचल्या.”

“मग आमचंच तेवढं मोडलं म्हणा की.” ते हसले नाहीत. मी दुसऱ्या तुळया शोधल्या, तशा लांबीच्या मिळाल्या नाहीत. पाऊस आला. भिंती कच्च्या होत्या, त्या बसल्या. पुढं कधीतरी नव्या भिंतींवर पत्रा चढला म्हणे. त्या गावातून माझ्या वखारीत परत कोणी आलं नाही.

याकोब मास्तरांशी मी बोलणं टाकलं होतं. पुष्कळ दिवसांनी ते शहागंजात दिसले, डोक्यावर ट्रंक, मागं बायको. मी न राहवून हटकलं.

“काय मास्तर, बंगला सोडून कुठं?”

“सोडला नाय शेटजी, सोडायला लावला. राखीव इमारतीच्या आवारात कोणी राहायचं नाय, असा नियम हाय म्हणे. आमची खोली बी आवारातच येती.”

मला हसू आलं, मोठ्यानं हसलोही. त्यांनी डोक्यावरची ट्रंक सावरली. मग मी म्हणालो, “खोटं बोलून माझं घर घालवलंत, मिळालं ना फळ?”

“मी खोटं काय बोललो?” त्यांनी ट्रंक खाली ठेवली. “पोकळ हाय म्हणलं, पोकळच होती. तुमी महागात घेतलं म्हणलं, तर तुमीच सांगा, पडलं का नाय महागात?”

“आणि उंदीर?”

“उंदीर हुतेच की. आमच्या खोलीत.” त्यांनी ट्रंक पुन्हा उचलली. “येक सांगू का? तुमच्यावाणी ते घर कोणीच वाचलं नाय. पाद्रीसाहेबांनी बी नाय. मी दरवाजात हुभा ऱ्हाऊन ऐकत होतो आन् मनात म्हणत होतो, देवा, ह्यो माणूस अजून बोलू दे.”

मी त्यांच्या ट्रंकेसाठी टांगा बोलावला. टांगेवाल्याशी भाव मात्र मीच केला.

निजाम गेला, राज्य बदललं, खातंही बदललं. बंगला नव्या यादीत तसाच राखीव राहिला. रहीमचाचा वारला. माझी वखार आता मुलगा बघतो, तो लोखंड विकतो. छावणीकडं मी जात नव्हतो. मध्यंतरी एका लग्नाला गेलो होतो, परतताना रिक्षा थांबवायला सांगितली.

दारावर पाटी आहे. या इमारतीस इजा पोचवणाऱ्यास शिक्षा होईल, असं तीन भाषांत लिहिलंय. पाटीला नुकताच रंग दिलेला आहे. कुलूप गंजलेलं. मागच्या बाजूनं, मास्तरांच्या खोलीच्या जागेवरून, आत जाता येतं, कारण तिथली भिंत पडली आहे. कौलं निम्मी नाहीत. पडवीचे खांब उभे आहेत, पडवी नाही. दिवाणखान्यात उजेड होता. तिथं उजेड असायला नको. वर पाहिलं तर गच्चीला भगदाड, आणि एक तुळई मधोमध मोडून खाली आलेली. मी वाकून तिला बोटाच्या पेरानं टकटक केलं, चाचा करायचा तसं. आवाजच आला नाही. बोट आत गेलं. वाळवीनं आतलं सगळं नेलं होतं आणि वरची साल तेवढी तुळईच्या आकारात ठेवली होती. या वेळी उंदरांचा काही संबंध नव्हता.

पाकळ्यांची कमान आहे. भगदाडातून पाणी तिच्यावर उतरतं. वेलीचं ते लाल पान आता नाही.

मी मोडीवाला. माझ्यावर आरोप करायला सोपं आहे. मी ते घर पावसाआधी उतरवलं असतं. मग ती कमान कोणी पाहिली नसती, हे खरं. पण त्या तुळया आज सोयगावला पोरांच्या डोक्यावर असत्या. ती दारं कुणाच्या तरी घरात रोज उघडली आणि लावली गेली असती. जोत्याच्या दगडावर कोणीतरी धुणं धुतलं असतं. मी घराचे तुकडे करत होतो, पण तुकड्यांना कामाला लावत होतो. सरकारनं घर अख्खं मागून घेतलं, ते का? राखतो म्हणून.

मला भेटलेले साहेब आता हयात नसतील. त्यांच्या जागी कोणीतरी बसलं असेल, त्याच्याही जागी कोणीतरी. शहरातल्या त्या खात्याच्या कचेरीत मी दोनदा जाऊन आलो. एकदा साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्यांदा टेबलामागच्या तरुण माणसानं विचारलं, “आजोबा, तुमचा या इमारतीशी संबंध काय?”

मी सांगितलं, “ती पोकळ भिंत मी फोडली.”

तो म्हणाला, “मग तुमच्यावरच गुन्हा दाखल करावा लागेल,” आणि शेजारच्याकडं बघून हसला.

कर म्हणावं. मी हजर आहे, पत्ता लिहून देतो. हातोडी मीच घातली, काच मीच फोडली, दोन्ही कबूल. पण मग त्याच कोर्टात दुसरंही विचारायचं आहे. माझ्या हातानं ती तुळई पडली असती तर शिक्षा होती. ती आपोआप पडली, तर शिक्षा कोणाला? शाळेच्या छपरासाठी मागितली तेव्हा जी देता आली नाही, ती वाळवीला कोणी दिली?

सौदा तोंडी नव्हता. अख्खा पंजा दाबून झालेला आहे आणि मी माझी बाजू आजवर पाळली आहे. रुमाल अजून माझ्या खिशात असतो. त्या वेळी सरकारचा हात याच्याखाली होता. आज तो हात कोणाचा, त्यानं पुढं यावं आणि तुळयांचा जबाब द्यावा.